अस्वलाने टाकलेला सरवा



१ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंतचा काळ जगभरातील अनेक मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थना करण्यात घालवतात. आमच्याकडेही गेली काही वर्षे ही प्रथा पडली आहे. पाळकसाहेब उपासनेत स्तोत्र १०४ घेतात, महिला मंडळ रोपे वाटते, आणि मुलांचा धडा आम्हा संडे स्कूलच्या तिघा शिक्षकांच्या वाट्याला येतो. यंदा आम्ही सॅमन मासा, अस्वल आणि जंगल यांचा धडा घेतला. तयारी बरी झाली होती. चित्रे होती, व्हिडिओ होता, शेवटी म्हणायचे गीतही ठरले होते. तरी तो धडा आमच्या हातून निसटला. त्याविषयीच हे लिहीत आहोत.

सॅमन कुठून सुचला, तेही सांगितले पाहिजे. आमच्या मंडळीतला एक मुलगा कॅनडात व्हँकुव्हरला नोकरीला आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात तो अ‍ॅडम्स नावाच्या नदीवर गेला होता आणि तिथून त्याने तरुण संघाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता. गुडघाभर पाणी, आणि त्यात लालभडक मासे इतके दाटीने उभे की तळाचे गोटे दिसत नव्हते. हे सॉकाय जातीचे सॅमन. या नदीत दर चार वर्षांनी त्यांचा मोठा मेळा भरतो आणि २०२२ हे त्या मेळ्याचे वर्ष होते. पॅसिफिक महासागरातून आधी फ्रेझर नदी, मग थॉम्पसन नदी असे सुमारे ५०० किलोमीटर प्रवाहाविरुद्ध चढून ते तिथे पोहोचतात. व्हिडिओखाली त्या मुलाने लिहिले होते, "दिसायला सुंदर, पण वासाने उभं राहवत नाही." वास मेलेल्या माशांचा.

आपल्यापैकी खानापूरकडच्या किंवा कोकण-गोव्याकडच्या लोकांना चढणीचे मासे माहीत आहेत. पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यातून शेतात चढणारे मासे धरायला रात्री बत्ती घेऊन गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. सॅमनचे चढणे त्याच जातीचे, फक्त प्रवास फार लांबचा आणि परतीचा नसलेला. (हॉटेलांत आपल्या रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण रावस अगदी वेगळ्या कुळातला. मुलांपैकी एकाने हे आम्हालाच सुनावले. त्याच्या घरी मासळीचा धंदा आहे.)

तर आम्ही मुलांना सांगितले की सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. समुद्रात असताना पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार आणि नदीजवळ आल्यावर पाण्याचा वास, यांवरून त्याला वाट सापडते. पिल्लू असताना नाकात बसलेला आपल्या ओढ्याचा वास तो वर्षानुवर्षे विसरत नाही. गोड्या पाण्यात शिरला की खाणे बंद. अंगातली चरबी जाळत तो चढत राहतो. चांदीसारखा रंग जाऊन अंग लाल होते, नराचा जबडा आकड्यासारखा वाकतो. मादी शेपटीने गोटे उकरून खड्डा करते, त्यात दोन-तीन हजार अंडी घालते, नर त्यांवर आपले बीज सोडतो, आणि मादी पुन्हा गोट्यांनी खड्डा झाकते. मग शेवटचे काही दिवस त्या खड्ड्यावर राखण करते. दुसऱ्या माद्या तिथे उकरायला आल्या तर त्यांना हाकलते. तोवर तिची शेपटी झिजून पांढरी पडलेली असते. आणि मग ती मरते. सगळेच मरतात, नर आणि मादी दोन्ही. पॅसिफिकच्या सॉकाय, चिनूक, कोहो, पिंक आणि चम या पाचही जातींची हीच रीत आहे.

इथे एका मुलीने हात वर केला.

"टीचर, मग पिल्लांना आई दिसतच नाही?"

आम्ही म्हणालो, "नाही, बाळ. पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा ती नसते."

"मग देवाने तिला एवढ्या लांबून आणलं कशाला? मरायलाच?"

मुलगी नऊ वर्षांची आहे. नाव लिहीत नाही, आमच्या मंडळीतल्यांना ते सांगायची गरजही नाही. ती दोन वर्षांची असताना तिची आई गेली. आजीने तिला वाढवले, आणि त्या आजी या जुलैत प्रभूमध्ये निजल्या. त्याच आजींनी आम्हा तिघांपैकी दोघांना याच खोलीत, याच बाकांवर बसवून शास्त्रपाठ दिले होते. वर्गात सोळा मुले होती आणि एकही हलत नव्हते. लहान मुलांना सगळे कळते.

आमच्या तोंडावर जी वाक्ये आली ती तुमच्याही तोंडावर आली असती. आई वरून बघत असते, देवाची योजना मोठी असते, वगैरे. ती खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही, आमचा विश्वास तोच आहे. पण तिने ते विचारले नव्हते. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होते, बोलायला लागले आणि बिघडले, हे आजींनीच आम्हाला शिकवले होते. आम्ही म्हणालो, "आम्हाला आत्ता सांगता येत नाही. पुढच्या रविवारी सांगतो." गीत म्हटले, बिस्किटे वाटली, वर्ग सुटला.

मग आठवडाभर आम्ही वाचत बसलो. रात्री फोनवर एकमेकांना सांगत होतो. खरे सांगायचे तर आधी आम्ही धडा वरवर तयार केला होता. अस्वल मासा खाते, उरलेल्याचे खत होते, देवाच्या राज्यात काही वाया जात नाही, आमेन, एवढाच. आता खोलात गेलो तेव्हा गोष्ट निराळीच निघाली.

पहिली गोष्ट त्या किनाऱ्याची. अलास्कापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंतचा हा किनारा प्रचंड पावसाचा आहे. झाडे उंच, सावली दाट, सगळीकडे शेवाळ. बघणाऱ्याला वाटते, केवढी सुपीक जमीन! पण त्या मातीत झाडांना लागणारे नत्र कमी असते. आपल्या शेतकऱ्याला नत्र म्हणजे काय ते सांगायला नको, युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभे राहिलेले लोक आहोत आपण. तिथे युरिया कोण देणार? समुद्र खाली, जंगल वर, आणि पाणी तर वरून खाली वाहते. त्या पाण्याबरोबर मातीतले चांगले ते समुद्रात जाते. उलट्या दिशेने, खालून वर, ओझे वाहून आणणारा मोठा हमाल म्हणजे सॅमन. त्याच्या अंगातले जवळजवळ सगळे वजन समुद्रातच वाढलेले असते. नदीतून जाताना बोटाएवढा असतो, परत येतो तो अडीच-तीन किलोचा. अलास्कातल्या ब्रिस्टल बे नावाच्या एकाच उपसागराकडे २०२२ साली सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परत आले. एवढी सगळी समुद्राची कमाई आपल्या पाठीवरून डोंगराकडे निघालेली.

पण मासा नदीपर्यंतच आणू शकतो. नदीतून झाडाच्या मुळापर्यंत कोण नेणार? इथे अस्वल येते.

हिवाळ्यात सुमारे सहा महिने अस्वल गुहेत झोपते. खाणे नाही, पिणे नाही. त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी त्याला मिळेल तितकी चरबी साठवावी लागते. अलास्कातल्या कटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नदीच्या धबधब्यावर ओळीने उभी राहून उडते मासे तोंडात धरणारी अस्वले आपण चित्रांत पाहिली आहेत. तिथले मोठे नर शरद ऋतूत ४५० किलोच्याही वर जातात. मादीचे तर अधिक नाजूक गणित आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मीलन होते, पण गर्भ लगेच रुजत नाही. तो महिनोन् महिने तसाच थांबून राहतो आणि मादीच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच शरदात गर्भाशयात रुजतो. नसेल तर त्या वर्षी पिल्लू नाही. म्हणजे गुहेच्या अंधारात जानेवारीत जन्मणारे, अर्धा किलोदेखील न भरणारे अस्वलाचे पिल्लू सप्टेंबरातल्या माशांवर अवलंबून असते. ही ओळ वाचली तेव्हा आमच्यातल्या एका बाईंनी फोन थोडा वेळ बाजूला ठेवला होता.

आता अस्वल मासा धरते, पण नदीत उभे राहून खातेच असे नाही. दुसरे मोठे अस्वल हिसकावून घेईल या भीतीने ते मासा तोंडात धरून झाडीत जाते. कॅनडातल्या हायडा ग्वाई बेटांवर टॉम राइम्खेन या शास्त्रज्ञाने रात्र रात्र बसून काळ्या अस्वलांची ही ये-जा मोजली. एका हंगामात एक अस्वल साधारण ७०० मासे जंगलात नेते, असा त्याचा हिशेब. आणि नेलेला मासा ते पुरा खात नाही. मासे भरपूर असले की ते फक्त उत्तम भाग खाते: मेंदू, चामडीखालची चरबी, मादी असेल तर गाभोळी. गाभोळीची आवड असलेली मंडळी आपल्यातही पुष्कळ आहेत, तेव्हा अस्वलाला नावे ठेवू नयेत. बाकीचा मासा तिथेच टाकून ते दुसरा आणायला जाते.

याला आमच्या भाषेत एक शब्द आहे, आणि तो आपल्याला पवित्र शास्त्राने दिला आहे: सरवा. लेवीयात नियम आहे की शेत कापताना बांधाकडेचे कोपऱ्यापर्यंत कापू नये, पडलेले वेचू नये, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावे. रूथ बवाजाच्या शेतात तेच वेचायला गेली होती. अस्वलाला कुणी नियम दिलेला नाही आणि ते उदार वगैरे काही नाही, त्याला फक्त घाई आहे. पण त्याच्या घाईतून जो सरवा पडतो त्यावर कोण कोण जगते ते पाहावे. कावळे आणि डोमकावळे येतात. गरुड येतात, अलास्कात हेन्सजवळ चिलकॅट नदीवर शरदाच्या अखेरीस पांढऱ्या डोक्याचे गरुड हजारोंनी जमतात. मग कोल्हे, मुंगसासारखे लहान शिकारी प्राणी, आणि शेवटी माश्या. माश्यांच्या अळ्या दोन-चार दिवसांत मासा फस्त करतात, मातीत उतरतात, थंडीभर तिथे राहतात आणि वसंतात पंख घेऊन बाहेर येतात, नेमक्या त्या वेळी जेव्हा लहान पक्ष्यांना आपल्या पिल्लांसाठी किडे हवे असतात.

आणि झाडे. हे कळले कसे, तर समुद्रातल्या नत्रात एक जरा जड प्रकारचे नत्र जमिनीवरच्यापेक्षा अधिक असते. झाडाच्या पानात ते किती आहे हे मोजले की त्यातले किती समुद्रातून आले याचा अंदाज येतो. २००१ साली आग्नेय अलास्कातल्या ओढ्यांकाठी हेलफील्ड आणि नायमन या दोघांनी असे मोजले. तिथल्या सिटका स्प्रूसच्या पानांत (हा आपल्या देवदाराच्या कुळातला वृक्ष) जवळजवळ पाव हिस्सा नत्र सॅमनकडून आलेले निघाले. त्याआधी केनाई द्वीपकल्पावरच्या अभ्यासात दिसले होते की या नत्राचा फार मोठा भाग झाडापर्यंत पोहोचतो तो टाकलेल्या माशातूनही नव्हे, तर अस्वलाच्या मूत्रातून. पुढच्या रविवारी हे सांगितल्यावर वर्गात जो हशा झाला तो बाहेर पाळकसाहेबांपर्यंत गेला. आम्ही तो थांबवला नाही.

सगळ्यांत आम्हाला आवडली ती हॅन्सन क्रीकची हकिगत. अलास्कातला हा एक लहानसा ओढा. वॉशिंग्टन विद्यापीठाचे टॉम क्विन आणि त्यांचे सहकारी दर उन्हाळ्यात तिथे मेलेले सॉकाय मोजायला जात. एकच मासा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून मोजलेला मासा काठावर फेकून द्यायचा. क्विन यांनी ठरवले की फेकायचेच आहेत तर सगळे एकाच काठावर फेकू, बघू काय होते ते. वीस वर्षे माणसे चिखलात उभी राहून कुजके मासे एकाच बाजूला फेकत राहिली. कित्येक विद्यार्थी आले, शिकले, निघून गेले. सारे मिळून दोन लाखांहून अधिक मासे, सुमारे २६७ टन. मग दोन्ही काठांवरच्या स्प्रूसच्या खोडांतून बारीक नळीसारखे तुकडे काढून वर्षांची वलये मोजली. मासे पडत होते त्या काठाची झाडे आधी दुसऱ्या काठापेक्षा हळू वाढत होती, कारण तो काठ उत्तरेकडे तोंड करून, ऊन कमी. वीस वर्षांत त्यांनी वाढीतला तो फरक भरून काढला. २०१८ साली हे प्रसिद्ध झाले.

आम्ही मंडळीत काम करणारे लोक. सतरंज्या घालणे, गीतांची पुस्तके गोळा करणे, दानार्पणाचा हिशेब, कबरस्थानातले गवत. आमच्याच्याने दर रविवारी फळ मागितले जाते, आणि कधी कधी आम्हीच ते मागतो. म्हणून वीस वर्षे एका काठावर मासे फेकणाऱ्यांचे आम्हाला फार कौतुक वाटले. त्यांच्यापैकी बहुतेकांना झाडांत काही फरक दिसलाच नसणार.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कॅलिफोर्नियात मोकेलमी नदीच्या काठी द्राक्षमळे आहेत. त्या नदीतही सॅमन चढतात. तिथे अस्वल नाही, पण गिधाडे, रॅकून वगैरे मासे ओढून मळ्यात नेतात. २००६ साली मर्झ आणि मॉयल यांनी दाखवले की नदीलगतच्या त्या द्राक्षवेलींच्या पानांत १८ ते २५ टक्के नत्र समुद्राचे आहे. द्राक्षवेल म्हटले की आपले मन प्रभूच्या मेजाकडे जाणारच. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा रस काळ्या मनुका शनिवारी भिजवून, उकळून, गाळून करतात. तीस-एक वर्षे ते काम त्याच आजी करत होत्या. आता महिला मंडळातल्या दोघी करतात. मनुका किती, पाणी किती, हे आजींनी एका जुन्या डायरीच्या पानावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवले होते. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तो पेला ओठांना लावताना कोणीही काही बोलले नाही, पण चव तीच होती.

आता थोडे थांबतो, कारण इथे उपदेशकाचा पाय घसरतो. आमचाही घसरला होता. पहिल्या धड्याच्या कागदावर आम्ही लिहिले होते, "सॅमनचे बलिदान". दुसऱ्या वेळी ते खोडले. माशाने काही बलिदान केलेले नाही. त्याला मरायचे की नाही हे कुणी विचारले नाही. प्रभू येशूने आपला प्राण आपण होऊन दिला, तो कुणी त्याच्याकडून हिरावून घेतला नाही, असे योहान दहाव्या अध्यायात तो स्वतः सांगतो. त्या दोन गोष्टी एका तराजूत घालणे बरोबर नाही. आणि माणसाच्या मरणाला तर ते अजिबातच लावू नये. कुणाची आई गेली म्हणून जंगल हिरवे झाले, असे एखाद्या लेकराला सांगणारा शिक्षक आम्हाला आमच्या संडे स्कूलमध्ये नको.

गव्हाच्या दाण्याचा दाखला आपल्या तोंडावर असतो. दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. दफनाच्या वेळी आपण तो वाचतो. पण बाराव्या अध्यायात त्याच्या पुढे दोन-तीन वचने गेले की प्रभू म्हणतो, आपला जीव व्याकूळ झाला आहे. ते आपण बहुधा वाचत नाही. ज्याने हा दाखला दिला त्याला स्वतःचे मरण समोर दिसत होते आणि त्याला ते सोपे वाटत नव्हते.

वाचता वाचता साखळीची दुसरी बाजूही कळली, झाड माशाला काय देते ती. काठची झाडे पाण्यावर सावली धरतात. सॅमनच्या अंड्यांना आणि पिल्लांना गार पाणी लागते, पाणी तापले की ती मरतात. झाडांची मुळे काठ धरून ठेवतात, नाहीतर माती येऊन गोट्यांमधल्या फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. म्हातारे झाड उन्मळून ओढ्यात आडवे पडले की त्याच्यामागे डोह होतो, आणि पुरात पिल्लांना लपायला जागा मिळते. पानांवरचे किडे पाण्यात पडतात ते पिल्लांचे जेवण. ते अस्वलही बिया पेरते. उन्हाळ्यात ते जंगलातली फळे ओरबाडून खाते आणि बिया विष्ठेतून मैलोगणती टाकत जाते. आग्नेय अलास्कात फळझुडुपांच्या बिया पसरवण्यात पक्ष्यांपेक्षा अस्वलांचा वाटा मोठा निघाला. आणि तिथे अस्वले एवढी का, तर सॅमन आहेत म्हणून.

ही साखळी तुटतेही. कोडियाक बेटावर २०१४ च्या उष्ण उन्हाळ्यात रानातली लाल एल्डरबेरी वेळेआधी, नेमकी माशांच्या हंगामातच पिकली. अस्वले ओढे सोडून फळांकडे गेली आणि मासे काठावर आलेच नाहीत. कुणी झाड तोडले नाही, कुणी जाळे लावले नाही, फक्त ऋतू थोडा सरकला.

आणि जिथे माणसाने हात घातला तिथे तर बोलायलाच नको. वॉशिंग्टन राज्यात एल्वा नदीवर १९१३ आणि १९२७ साली दोन धरणे पुरी झाली. माशांना वर जायला वाट ठेवली नव्हती. जवळजवळ शंभर वर्षे सॅमन खालच्या भिंतीपर्यंत येत राहिले. नदीकाठच्या लोअर एल्वा क्लॅलम लोकांनी पिढ्यानुपिढ्या मागणी लावून धरली, आणि २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे पाडली गेली. मासे वर गेले. २०२३ साली त्या लोकांनी धरणे गेल्यानंतर प्रथमच आपल्या नदीत मासे धरले. क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ सालापर्यंत निघाली, आणि काही आठवड्यांत सॅमन वरच्या पाण्यात दिसले. कुणी बोलावणे पाठवले नव्हते.

त्या किनाऱ्यावरच्या आदिवासींची एक रीत आहे. हंगामातला पहिला सॅमन सगळ्यांनी वाटून खायचा, आणि त्याची हाडे आदराने पाण्यात परत सोडायची. आपल्या पहिल्या फळांच्या दानार्पणाशी हिचे नाते कुणालाही दिसेल. पण त्या काळच्या आपल्याच मिशनरी बांधवांना ते दिसले नाही. कॅनडात १८८५ पासून १९५१ पर्यंत या लोकांच्या पॉटलॅच या दान-वाटपाच्या समारंभावर कायद्याने बंदी होती, आणि ती घालावी म्हणून मागणी करणाऱ्यांत मिशनरी होते. हे मुलांना सांगितले नाही. तुम्हाला सांगतो, कारण सृष्टीसाठी प्रार्थना करताना आपली जी पापकबुली असते तिच्यात हेही यावे असे आम्हाला वाटते.

पुढच्या रविवारी ती मुलगी आली. पहिल्या बाकावर बसली. आम्ही धड्याला सुरुवात करण्याआधी तिलाच म्हणालो, "तू विचारलं होतंस ना, त्याचं आम्ही वाचून आलोय. सगळं उत्तर नाही मिळालं, जेवढं मिळालं तेवढं सांगतो."

आम्ही सांगितले की पिल्लाला आई दिसत नाही, हे खरेच आहे. ते बदलत नाही. पण अंड्यातून निघते तेव्हा त्याच्या पोटाला एक लहानशी पिशवी लागलेली असते, केशरी रंगाची. आईने बांधून दिलेली शिदोरी. गोट्यांखालच्या अंधारात कित्येक आठवडे ते तीच खाते. ती संपली की वर येते. वर आल्यावर ओढ्यात जे किडे असतात ते त्या शेवाळावर वाढलेले असतात, आणि ते शेवाळ शरदात मेलेल्या माशांवर पोसलेले असते. कोहो जातीची पिल्ले तर मेलेल्या मोठ्या माशांचे मांसही खातात. वर जी सावली असते तिच्यातही पूर्वीच्या माशांचा वाटा असतो.

"म्हणजे तिच्या आईचा?" तिने विचारले.

"तिच्या आईचा असेल, आजीचा असेल, पणजीचा असेल. झाड म्हातारं असतं ना."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण पिल्लाला ते कळत नाही."

"नाही. कळत नाही."

"मला कळतं," ती म्हणाली. आम्ही काही बोललो नाही. आमच्यातल्या एका शिक्षकाला खिडकीचे दार नीट लावायची एकाएकी आठवण झाली.

मग चित्रे काढायला कागद वाटले. बहुतेकांनी अस्वल काढले, तोंडात मासा, रक्ताचे थेंब वगैरे, मुलांना तेच आवडते. मासळीवाल्यांच्या मुलाने खवले अगदी बरोबर काढले होते. तिच्या कागदावर एकच मोठे झाड होते, कागदाच्या वरच्या कडेबाहेर गेलेले, आणि खाली थोडे निळे पाणी. पाण्यात काही नव्हते.

आम्ही विचारले, "मासा राहिला का ग?"

"राहिला नाही, टीचर," ती म्हणाली. "तो झाडात आहे ना."

चित्र वर्गातल्या कपाटावर लावले आहे. हंगामाच्या उपासनेला याल तेव्हा पाहून जा. त्या रविवारी भाजी, धान्य, फळे जे आणाल ते सकाळी साडेआठपर्यंत पोहोचवावे, आणि मनुका घरी जास्तीच्या असतील तर महिला मंडळाकडे द्याव्यात, यंदा कमी पडत आहेत.